दम आणि घड्याळ

११ मार्च २०१२ च्या रात्री अंधेरी पश्चिमेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात जाळीचा पिंजरा उभा राहिला. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या ‘सुपर फाइट लीग’चा नारळ त्या रात्री फुटला. मुख्य लढत अमेरिकेचा बॉब सॅप आणि इंग्लंडचा जेम्स थॉम्प्सन यांच्यात. सॅप म्हणजे दीडशे किलोंच्या वरचा, नुसत्या अंगलटीवर तिकिटे खपवणारा गडी. पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे भरायच्या आत, त्याचा पाय दुखावला आणि त्याने हार मानली. मिक्स्ड मार्शल आर्ट्स हा खेळ मुंबईच्या उपनगरात असा वाजतगाजत आला आणि पाणी प्यायला उठलेल्या माणसाला न दिसताच संपला.

सॅपला बोलावण्यात एक गंमत होती. कुस्तीशौकिनांच्या एका जुन्या वादात तो तोवर ठेवणीतला दाखला होऊन बसला होता. २८ ऑगस्ट २००२ ला टोकियोच्या नॅशनल स्टेडियममध्ये, जपानच्या ‘प्राइड’ स्पर्धेत, त्याच्यासमोर ब्राझीलचा आंतोनियो रॉड्रिगो नोगेरा होता. वजनात पन्नासाहून अधिक किलोंनी कमी. सॅपने त्याला उचलून डोक्यावर आपटला, वर बसून बुकलला, खाली दाबून ठेवला. पहिली फेरी दहा मिनिटांची होती आणि ती सगळी सॅपची होती. पण ती संपता संपता सॅपचे तोंड उघडे पडले. दुसऱ्या फेरीत त्याचे हात जड झाले, आणि सुजलेल्या तोंडाच्या नोगेराने त्याचा एक हात अलगद धरून कोपरातून असा ताणला की त्या डोंगराला हार कबूल करावी लागली.

तालमीच्या कट्ट्यावर या लढतीचे दोन अर्थ निघतात. एक पक्ष म्हणतो, बघा, देवाने दिलेले शरीर फुकट गेले, कमावलेला दम जिंकला. दुसरा म्हणतो, नोगेराला मार खाऊनही पुन्हा उभा राहण्याची जी जातकुळी आहे, तीही देवाचीच देणगी. दोघेही ‘उपजत की कमावलेले’ याच खुंट्याभोवती फिरतात. मला वाटते, त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: दम किती वेळाचा? नोगेराला जिंकायला पहिली दहा मिनिटे ओलांडावी लागली. लढत पाच मिनिटांचीच असती, तर सॅप जगातला सर्वांत गुणी मल्ल ठरला असता. आणि लढत किती चालायची, हे मल्लाची छाती ठरवत नाही. ते ठरवणारे लोक बाहेर बसलेले असतात. शंभर वर्षांत त्यांनी घड्याळाचे काटे जसजसे हलवले, तसतसा ‘दमदार’ कोणाला म्हणायचे याचा हिशेबही हलत गेला.

आपल्याकडे या हिशेबाची सुरुवात घड्याळाशिवाय झाली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. उद्घाटनाची कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष हा थोरल्या गामाचा धाकटा भाऊ. निकाल एकच, पाठ लागणे. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत, मध्ये विश्रांती नाही. चितपट होईपर्यंत किंवा पंच कंटाळून बरोबरीत सोडवेपर्यंत कुस्ती चालायची, आणि हलगी वाजत राहायची.

अशा कुस्तीत दमाचा अर्थ काय होतो, हे दोन वर्षे आधी लंडनने पाहिले होते. १० सप्टेंबर १९१० ला गामा आणि पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिश्को भिडले. गामाचा झपाटा पाहून झ्बिश्को लवकरच गादीवर पालथा पडला आणि तसाच पडून राहिला. अडीच तासांहून अधिक. वजनदार माणसाने जमिनीला चिकटून राहायचे ठरवले की त्याला पालथ्याचा उताणा करणे किती जिकिरीचे, हे ज्याने एकदा हौदात हात घातला आहे त्यालाच कळेल. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने फेरकुस्ती ठरली, तेव्हा झ्बिश्को आलाच नाही. त्या दिवशी दमाचा खरा कस कोणाचा लागला, अडीच तास रेटणाऱ्याचा की अडीच तास न हलणाऱ्याचा? पुढे १९२८ मध्ये पतियाळ्यात दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाने मिनिटभरात त्याची पाठ लावली. दम मोजायला तेवढा वेळ पुरत नाही.

खासबाग खुले झाले त्याच १९१२ साली, स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन यांची ग्रीको-रोमन कुस्ती ११ तास ४० मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण अंतिम लढतीला उभे राहण्याइतकेही त्राण त्याच्यात उरले नव्हते. सुवर्णपदक स्वीडनच्या पैलवानाला न लढताच मिळाले. जिंकलेला हरला, असा हा प्रकार. युरोपातल्या पंचांनी यानंतर घड्याळ हातात घेतले. आपल्या गावच्या फडांनी मात्र ते बरीच वर्षे खिशातच ठेवले.

बिनघड्याळाच्या कुस्तीसाठी जी मेहनत लागे, तिचा साचा गामाच्याही आधीचा. जोर, बैठका, सपाटे, मुद्गल, दोर चढणे आणि हौद उकरणे. यातला सपाटा जवळून पाहावा. पैलवान उभा राहतो, बैठक मारतो, त्याच ओघात हात जमिनीला टेकून पाय मागे टाकतो, छाती माती हुंगत पुढे सरकते, मान वर येते, आणि पाय पुन्हा हाताशी ओढून तो उभा. एका हालचालीत मांडी, कंबर, छाती, खांदा, सगळे येते. पन्नास झाले की पाठीवरून घाम ओघळायला लागतो, शंभराला हाताखालची माती काळी पडते. प्रत्येक सपाट्याला श्वासाची एक फेरी बांधलेली असते. ती चुकली की मोजणी चालू राहते पण माणूस बसतो. वस्तादाचे लक्ष आकड्यावर नसतेच, पोराच्या नाकपुडीवर असते.

हौद उकरण्याचे तर कोणी कौतुकच करत नाही. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली लाल माती रोज पहाटे फावड्याने खणायची, ढेकळे फोडायची, सारखी करायची. आजच्या जिममध्ये जाड दोर आपटणे, हातोड्याने टायर बडवणे यासाठी महिन्याला पैसे मोजतात. तालमीत ते काम नवशिक्याच्या गळ्यात फुकट पडायचे, आणि शिवाय ‘नीट खण’ म्हणून शिवी मिळायची ती वेगळी.

गामाबद्दल सांगतात की दहाएक वर्षांचा असताना जोधपूरच्या दरबारात बैठकांची स्पर्धा लागली, शेकडो पैलवान उतरले, आणि शेवटपर्यंत उरलेल्या मूठभरांत हे पोर होते. आकडे फुगलेले असतील, पण सांगण्याची पद्धत पाहा. त्या काळी बुद्धिमत्तेची चाचणी घ्यावी तशी उपजत दमाची चाचणी बैठकांनी घेत. दहा वर्षांच्या पोराने अशी किती मेहनत केली असणार? अर्थात, गामा पैलवानांच्या घरात जन्मला होता. त्या घरात मूल चालायला लागले की बैठकही मारत असणार, तेव्हा उपजत कुठे संपते आणि कमावलेले कुठे सुरू होते, याची रेघ तिथेही ओढता येत नाही.

आता एक वळण. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये साताऱ्याकडच्या गोळेश्वरचा एक तरुण फ्लायवेट गटात सहावा आला. खाशाबा जाधव. मातीत वाढलेल्या या पैलवानाला गादी नवी होती, नियमही नवे होते. त्याच लंडनमध्ये, बेल्जियमच्या संघात, कार्ल इस्ताझ नावाचा एक जाडजूड तरुण लाइट हेवीवेटमध्ये खेळून पदकाविना परतला. दोघांची भेट झाली असेल-नसेल. पण आपल्या गोष्टीचे दोन धागे या दोघांपासून फुटतात.

खाशाबांचा धागा १९५२ च्या हेलसिंकीला जातो. बँटमवेट गटात जपानच्या शोहाची इशीईशी त्यांची कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि गुणांवर गेली. तेव्हा लढत पंधरा मिनिटांची असे. ती हरल्यावर लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला त्यांना पुकारले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे आजवर सांगितले गेले आहे. थकलेले खाशाबा हरले. इशीईला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले पदक, म्हणून आपण त्याचा अभिमान धरतो, आणि धरावाच. पण दमाच्या इतिहासात ही कुस्ती वेगळ्या कारणाने मोलाची आहे. विश्रांती हाही दमाचाच भाग असतो, आणि ती छातीत नसते, नियमाच्या पुस्तकात असते. पुस्तक वाचून दाखवणारा माणूस सोबत नसेल, तर कऱ्हाडच्या मातीत कमावलेली फुप्फुसे अर्ध्या तासाने तोकडी पडतात.

इस्ताझचा धागा लांबचा. ऑलिंपिकनंतर तो इंग्लंडमधल्या विगन गावी बिली रायलीच्या आखाड्यात शिकला, व्यावसायिक कुस्तीत शिरला आणि कार्ल गॉच या नावाने ओळखला जाऊ लागला. भारतीय पैलवानांची मेहनत त्याने जशीच्या तशी उचलली: जोर, बैठका, मुद्गल. पुढे जपानमध्ये त्याला कुस्तीचा देव म्हणत. १९७२ मध्ये आंतोनियो इनोकीने न्यू जपान प्रो-रेसलिंग काढले, तेव्हा तिथल्या पोरांना घासणारा गुरू गॉचच. उमेदवारांनी आधी शेकडो बैठका मारायच्या, घामाचे थारोळे साचायचे, आणि मग डाव शिकायचे. कोल्हापूरच्या कोणत्याही वस्तादाला ही शाळा ओळखीची वाटली असती, भाषा सोडून.

याच इनोकीला डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत अक्रम पैलवान भिडला. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा, ज्या इमामबक्षने खासबागेत पहिली कुस्ती केली त्याचा. इनोकीने त्याच्या हाताला कुलूप घातले, अक्रमने हार कबूल केली नाही आणि खांदा निकामी करून घेतला. तीन वर्षांनी लाहोरला त्याच घराण्यातला विशीही न गाठलेला झारा इनोकीसमोर पाचही फेऱ्या टिकला, आणि शेवटी इनोकीने आपणहून त्याचा हात वर केला. गामाच्या घराण्याची मेहनत जपानला जाऊन परत त्याच घराण्यासमोर उभी राहिली, ती या दोन कुस्त्यांत.

गॉचचे दोन शिष्य, मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी, यांनी सप्टेंबर १९९३ मध्ये ‘पॅनक्रेस’ नावाची खऱ्याखुऱ्या लढतींची स्पर्धा सुरू केली. नावही गॉचनेच सुचवले. पहिल्या रात्री फुनाकीला हरवणारा अमेरिकन म्हणजे केन शॅमरॉक. दोनच महिन्यांनी, १२ नोव्हेंबर १९९३ ला, डेन्व्हरमध्ये पहिली अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप (यूएफसी) झाली, आणि शॅमरॉक तिथेही होता. त्याने काढलेल्या तालमीत प्रवेशासाठी येणाऱ्याला आधी शेकडो बैठका मारून दाखवाव्या लागत. म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या जन्मखोलीत आपली बैठक हजर होती. अंधेरीच्या पिंजऱ्यात २०१२ साली जे आले, त्याला आपण परदेशी खूळ म्हणालो. त्यातले निम्मे सामान आपलेच होते.

डेन्व्हरच्या त्या पहिल्या स्पर्धेत मात्र घड्याळाने कोणाला सोडवायचे नाही, अशी हौसेने जाहिरात होती. ब्राझीलच्या ग्रेसी घराण्याला हेच हवे होते. त्यांचा रॉइस ग्रेसी अंगाने किरकोळ. पण वेळ अमर्याद असला की किरकोळ माणूस घाई करत नाही. पाठीवर पडून, समोरच्याला पायांत अडकवून तो थकण्याची वाट पाहत राहतो. झ्बिश्कोनेही पडून राहण्याचाच धंदा केला होता, फक्त पालथा पडून. डिसेंबर १९९४ च्या चौथ्या स्पर्धेत ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांची अंतिम लढत इतकी लांबली की पैसे भरून घरी पाहणाऱ्या अनेकांच्या टीव्हीवर ठरलेली वेळ संपली आणि निकालाआधीच चित्र गेले. लोक पैसे परत मागू लागले. पुढच्या स्पर्धेपासून, एप्रिल १९९५ पासून, तीस मिनिटांची मर्यादा आली. डॉक्टर नाही, वस्ताद नाही, शरीरशास्त्रज्ञ नाही. या खेळात दम किती असावा याची पहिली व्याख्या केबलवाल्याने केली.

वेळ बांधला गेला आणि गुणी कोण याची यादी बदलली. २७ जुलै १९९७ ला ऑलिंपिकपर्यंत गेलेला कुस्तीगीर मार्क कोलमन आणि उभ्याने लाथा मारणारा मॉरिस स्मिथ यांची लढत झाली. कोलमन म्हणजे पिळदार, झपाट्याने पाडणारा. पैज त्याच्याच बाजूने. काही मिनिटे त्याने स्मिथला खाली ठेवून चोपला. स्मिथ शांत पडून श्वास राखत होता. मग कोलमनचे हात कमरेवर गेले. कमरेवर हात म्हणजे पैलवानाने लेखी दिलेला राजीनामा. एकवीस मिनिटांनी पंचांनी स्मिथला विजयी केले. त्यानंतर या खेळातल्या कोणीही धावण्याची, सायकलची, अंतराअंतराने जोर लावण्याची मेहनत हलक्यात घेतली नाही.

आणि ग्रेसी? मे २००० मध्ये टोकियोत त्यांनी रॉइससाठी काझुशी साकुराबाविरुद्ध बिनमर्यादेची लढत हट्टाने मागून घेतली. पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या, दीड तास. नव्वदाव्या मिनिटानंतर ग्रेसीच्या बाजूने टॉवेल पडला. साकुराबा हा बैठका मारत वाढलेला जपानी प्रो-रेसलर, आणि तो त्याच रात्री आणखी एका, त्याच्याहून बऱ्याच जड माणसाशी लढायला पुन्हा आत गेला. घड्याळ काढून ठेवणे हा ज्यांना आपला हक्क वाटत होता, त्यांना घड्याळ नसतानाच हार खावी लागली.

१९९९ पासून यूएफसीत पाच मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती हे माप बसले. साधी लढत तीन फेऱ्यांची, विजेतेपदाची पाच. तीन फेऱ्या म्हणजे बेरीज पंधरा मिनिटे, बरोबर खाशाबांची हेलसिंकीतली वेळ. पण हे पंधरा आणि ते पंधरा एक नव्हेत. मध्ये दोनदा बसायला स्टूल आणि तोंडावर पाणी मिळते, म्हणून लढवय्या चौथ्या मिनिटाला जीव ओतू शकतो. जो मल्ल साठ सेकंदांत नाडी खाली आणतो, त्याचे हे माप आहे. लांब पल्ल्याचा धावपटू इथे चालत नाही, आणि दहा सेकंदांचा स्फोट करणारा तर मुळीच नाही. स्नायूत साठवलेली चटकन वापरायची शक्ती दहाएक सेकंदांत सरते. ती पुन्हा भरायला प्राणवायू लागतो. म्हणजे स्फोट करायची ताकद एकीकडून येते आणि पुन्हा स्फोट करायची ताकद दुसरीकडून. सॅपकडे पहिली होती. शिवाय दीडशे किलोंच्या प्रत्येक स्नायूला रक्त पुरवायचे, तर हृदय मात्र एकच.

यात निसर्गाचा वाटा किती, यावर क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हेरिटेज नावाच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. बैठ्या सवयीच्या ४८१ माणसांना, आईवडील आणि मुले अशा कुटुंबांनिशी, वीस आठवडे सारखीच मेहनत दिली. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलीटरने वाढली. पण कोणाची जवळपास शून्य, कोणाची लिटरभर. आणि हा फरक बराचसा कुटुंबाकुटुंबांतला होता; त्यातला ४७ टक्क्यांपर्यंतचा भाग आनुवंशिक असावा असा त्यांचा अंदाज. इथे तालमीतल्या त्या दोन्ही पक्षांची पंचाईत होते. मेहनतीचे फळ मिळणे हीच काही अंशी उपजत गोष्ट निघाली. दोन पोरे एकाच वस्तादाकडे, एकाच हौदात, तितकेच सपाटे मारतात. एकाचा दम दुप्पट होतो, दुसरा नुसता थकतो. दुसऱ्याला आळशी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

उपनगरात दमाचे आणखी एक माप पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्याला कोणी कार्डिओ म्हटले नाही इतकेच. भांडुप, कांजूरमार्ग, जोगेश्वरीच्या मैदानांवरची कबड्डी. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत समोरच्या अंगणात शिरायचे, गडी मारून, तोच दम न तोडता परत यायचे. दम तुटला की चढाईपटू बाद. छातीची परीक्षा इतकी उघड, कानाला ऐकू येणारी, दुसऱ्या कोणत्याच खेळात नाही. आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे. त्यामुळे लांब दमाचा, सावकाश घोळवणारा जुना चढाईपटू मागे पडला आणि झटक्यात बोनस घेऊन पळणारा पुढे आला. मुंबई उपनगर कबड्डी असोसिएशनच्या सामन्यांना जुने खेळाडू खुर्च्या टाकून बसतात आणि ‘आताच्या पोरांना दम कुठाय’ म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांचा दम वेगळ्या घड्याळाचा होता.

कुस्तीनेही उपनगरात वेगळी वाट धरली. गिरणगावातल्या चाळींखालच्या तालमी १९८२ च्या संपानंतर ओसरत गेल्या, माणसे बोरिवली, मुलुंड, भांडुपला पांगली. दुसरीकडे जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतून उत्तरेकडच्या दूधवाल्यांची कुस्ती आधीपासूनच होती. दूध विकणाऱ्याच्या घरी खुराकाची ददात नसते. कांदिवलीत आकुर्ली रस्त्यावरच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात जगमल सिंग यांच्या हाताखाली गादीवर तयार झालेला नरसिंग यादव हा अशाच दूधवाल्याचा मुलगा. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदकाच्या लढतीत तो फ्रान्सच्या मल्लापुढे गुणांनी फार मागे होता, आणि शेवटच्या क्षणांत त्याने त्याची पाठ लावली. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांच्या कुस्तीत सहाव्या मिनिटाला ज्याचे डोके आणि हात एकत्र चालतात, त्याच्या दमाचा हा पुरावा. (रिओ ऑलिंपिकच्या वेळचे उत्तेजक-प्रकरण पुढचे, आणि ते वेगळ्या लेखाचे.)

पिंजऱ्याच्या बाजूने मुंबईचा भरत खंडारे २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये यूएफसीत उतरला, भारतात वाढलेला पहिला. सुपर फाइट लीगमधून वर आलेला. चीनच्या साँग यादोंगने पहिल्याच फेरीत, पाच मिनिटे भरायला मिनिटभरही उरले नसताना, त्याची मान काखेत अडकवली. दम पाहायची वेळच आली नाही. मागोवा घेताना हेही लिहायला हवे. नाहीतर प्रत्येक हार दमाच्या खात्यावर टाकायचा मोह होतो.

आज अंधेरी-घाटकोपरच्या जिमांत भिंतीवर फेऱ्यांचे घड्याळ असते. लाल आकडे पाच मिनिटांवरून उतरतात, शेवटच्या दहा सेकंदांना टकटक वाजते, मग भोंगा. कोपऱ्यात ‘ताबाता’ चालू असते: वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद थांबून, आठ वेळा. हे जपानच्या स्केटिंग संघाचे तंत्र, इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये अभ्यासलेले. जपानला गेलेल्या बैठकीची परतफेडच म्हणा. शेजारच्या गादीवर कोल्हापूरकडचा एखादा मुलगा सपाटे मारतो, आणि प्रशिक्षक त्याला बर्पी म्हणतो. मुलगा काही बोलत नाही.

मुंबईच्या हवेचा मुद्दा पुस्तकात सहसा येत नाही. मे महिन्यात घाम निथळतो पण वाळत नाही. अंग थंड होत नाही, म्हणून रक्त कातडीकडे धावते, आणि त्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. पुण्यात आरामात तीन फेऱ्या करणारा मुलगा मालाडच्या बंद गाळ्यात दुसऱ्या फेरीला भिंत धरतो. स्पर्धा मात्र वातानुकूलित सभागृहात असते. मग सराव एसी लावून करायचा की बंद ठेवून, यावर भांडणे होतात. त्यात विरारहून सहाच्या लोकलने येणारा, दिवसभर पार्सले पोचवून रात्री नऊला गादीवर उतरणारा मुलगा असला, तर त्याच्या नाडीचा आकडा पाहून दम उपजत कमी आहे असे ठरवणे धाडसाचे. त्याची फेरी सकाळी सहालाच सुरू झालेली असते.

हौशी लढतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, व्यावसायिक लढतींत पाचच्या तीन. म्हणजे नऊ मिनिटांत चमकलेला मुलगा अचानक पंधरा मिनिटांच्या हवाली होतो. तिसऱ्या फेरीत त्याचे हात कमरेवर जातात आणि मागून शेरा येतो, ‘याच्यात मुळातच दम नाही.’ वर्षभरापूर्वी त्याच तोंडांनी त्याला उपजत म्हटलेले असते. त्याला रोज पहाटे राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता पळवायचा, की जाळीला पाठ लावून, अंगावर एक ताजा गडी सोडून, पाचव्या मिनिटाचा भोंगा होईपर्यंत झगडत ठेवायचा, यावर बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत दोन प्रशिक्षकांचे एकमत सापडणे कठीण.